‘फॅन म्हणजे स्लॅन’: एका परवलीच्या शब्दाचा इतिहास

कोणतेही मंडळ काही काळ एकत्र नांदले म्हणजे त्याची स्वतःची अशी एक बोली तयार होते. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातील थट्टा बाहेरच्या माणसास उमगत नसे. वारीच्या वाटेवर अनोळखी माणूसही दुसऱ्यास ‘माउली’ म्हणून हाक मारतो आणि तेवढ्या एका शब्दाने परकेपणा सरतो. असे शब्द वरवर पाहता क्षुल्लक. परंतु आपला कोण व परका कोण, हे ठरविण्याचे काम ते नकळत करीत असतात. एका मनातून दुसऱ्या मनात नक्कल होत जाणाऱ्या कल्पनांना रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘मीम’ हे नाव दिले. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये १९४० नंतर रूढ झालेले ‘फॅन म्हणजे स्लॅन’ हे वचन तिचा एक बोलका नमुना होय.

या चाहत्यांचा मेळा कसा जमला, हे प्रथम पाहिले पाहिजे. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. वाचकांची पत्रे त्यात पूर्ण पत्त्यासह छापली जात. त्यामुळे दूरदूरच्या गावी एकेकटे बसलेले वाचक परस्परांस पत्रे लिहू लागले. १९३० पासून त्यांनी स्वतःची हौशी नियतकालिके सुरू केली. ती टंकलेखन यंत्रावर लिहावयाची, सायक्लोस्टाइलवर तिच्या प्रती काढावयाच्या आणि टपालाने मित्रांकडे धाडावयाच्या, असा तो व्यवहार असे. छापखाना नाही, संपादक मंडळ नाही, परवानगी मागावयाची नाही. आपल्याकडील शाळा-कॉलेजांतील हस्तलिखित मासिकांचीच ही भावंडे म्हणावीत.

ए. ई. व्हॅन व्होग्ट यांची ‘स्लॅन’ ही कादंबरी १९४० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत ‘अस्टाउंडिंग’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. स्लॅन म्हणजे माणसाहून बुद्धिमान अशी एक जात. त्यांच्या केसांत सोनेरी तंतू असतात आणि त्यांच्या योगे त्यांना दुसऱ्याचे मन वाचता येते. माणसे त्यांचा द्वेष करतात व त्यांना हुडकून ठार मारतात. आरंभीच नऊ वर्षांच्या जॉमी क्रॉसची आई मारली जाते आणि त्या पोराला तंतू केसांत लपवून जगणे भाग पडते. भडक चित्रांची मासिके वाचतो म्हणून घरी-दारी हसे होणाऱ्या तरुण चाहत्यांना ही कथा आपलीच वाटली, यात नवल नाही. ‘फॅन म्हणजे स्लॅन’ हे वचन पत्रोपत्री पसरले. १९४३ साली मिशिगन संस्थानातील बॅटल क्रीक गावी काही चाहत्यांनी एकत्र राहण्यासाठी घर घेतले. त्याचे नाव पडले ‘स्लॅन शॅक’.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेल्या क्वीअर विचारपद्धतीच्या साह्याने हे वचन वाचले असता त्याचा निराळाच अर्थ ध्यानात येतो. ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक या विदुषीने १९९० साली असे दाखविले की, आधुनिक पाश्चात्त्य समाजात समलिंगी व्यक्तीचे जीवन एका गुपिताभोवती रचले गेले आहे. कोणाला ठाऊक आहे, कोणाला नुसता संशय आहे, कोण जाणूनही अजाण राहतो, यावर तिचे सारे अवलंबून असते. स्लॅनचे जगणे नेमके असेच आहे. तंतू झाकावयाचे, चारचौघांसारखे वागावयाचे आणि गर्दीत आपल्यासारखा दुसरा कोणी भेटतो का, याचा शोध घ्यावयाचा.

मात्र हे साम्य सर्वांना सारख्याच मोलाचे नव्हते. मासिकाच्या पायी ज्याची थट्टा होई, त्याने ते कपाटात ठेवले की संकट टळे. त्या काळी अमेरिकेच्या प्रत्येक संस्थानात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. ज्याची खरी ओळख उघडकीस येण्याने नोकरी जाई किंवा कैद होई, त्याच्या बाबतीत स्लॅनची कथा ही उपमा राहत नाही. ती दिनचर्या होते.

ही निव्वळ तर्काची भरारी नव्हे, याला इतिहासाची साक्ष आहे. लॉस एंजेलिसच्या चाहत्यांत ‘टायग्रिना’ या नावाने वावरणारी एक तरुणी आर. के. ओ. या चित्रपट कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरी होती. काम थोडे होते. पण रिकामे बसलेले दिसू नये, अशी साहेबाची ताकीद होती. त्या फावल्या वेळात तिने जून १९४७ पासून ‘व्हाइस व्हर्सा’ हे नियतकालिक टंकलिखित केले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी निघालेले अमेरिकेतील हे पहिले ज्ञात नियतकालिक. कार्बन कागद घालून जेमतेम दहा-बारा प्रती निघत. कथा, कविता, पुस्तक व चित्रपट परीक्षणे आणि वाचकांची पत्रे, असा सारा थाट चाहत्यांच्या नियतकालिकांचाच होता. अंकावर तिचे नाव नसे. अश्लील मजकूर टपालाने पाठविण्यास १८७३ च्या कायद्याने बंदी होती. म्हणून आरंभी काही अंक टपालात टाकल्यावर, मैत्रिणीने सावध करताच तिने ते हातोहात वाटण्यास प्रारंभ केला. फेब्रुवारी १९४८ पर्यंत नऊ अंक निघाले. पुढे ‘लेस्बियन’ या शब्दाची अक्षरे फिरवून घेतलेल्या ‘लिसा बेन’ या नावाने ती ओळखली गेली. जिम केपनर हेही त्याच मेळ्यातले. विज्ञानकथांचे नियतकालिक काढणारे केपनर पुढे १९५३ साली निघालेल्या ‘वन’ या समलिंगी मासिकात लिहू लागले. लॉस एंजेलिसच्या टपालखात्याने अडविलेला त्या मासिकाचा अंक अश्लील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९५८ रोजी दिला.

या वचनाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्लॅन छळलेले आहेत, तसे ते श्रेष्ठही आहेत. १९४३ च्या सुमारास एका चाहत्याने हे वचन अक्षरशः खरे मानले आणि चाहते हीच नवी श्रेष्ठ मानवजात, असा प्रचार करीत तो देशभर हिंडला. बाकीच्यांनी त्याला हसण्यावारी नेले. परंतु त्याने केवळ सर्वांच्या थट्टेतील सुप्त अहंकार उघडा केला होता. १९३९ साली न्यूयॉर्क येथील पहिल्या जागतिक संमेलनात चालकांनी ‘फ्युचुरियन’ गटातील सहा जणांना दारातूनच परत धाडले होते. बाहेर हिणवला गेलेला माणूस आत पोहोचताच दार लावून घेतो, हा अनुभव इतर मंडळांनाही नवा नाही.

दार उघडण्याचे कामही चाहत्यांच्याच युक्त्यांनी केले. ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रमालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिच्यातील कर्क व स्पॉक यांची मैत्री ही प्रीतीच आहे असे मानून लिहिलेली एक कथा १९७४ साली एका हौशी नियतकालिकात आली. तीत पात्रांची नावेसुद्धा घातलेली नव्हती. दोन नावांमधील एका तिरप्या रेघेवरून अशा वाङ्मयास ‘स्लॅश’ म्हणू लागले, आणि ते लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. लेखिका जोआना रस यांनी १९८५ साली त्याचे गंभीर विवेचन केले. पुरुषांच्या मैत्रीत व प्रेमात समाजाने उभारलेली भिंत सेजविक यांनी त्याच वर्षी एका ग्रंथात तपासली. विद्वानांनी जो प्रश्न ग्रंथात मांडला, तो या स्त्रियांनी एका रेघेत आधीच विचारला होता.

परवलीचा शब्द स्वतः कोणाचे रक्षण करीत नाही. तो कोणाच्या मुखी आहे आणि त्यापायी त्याला काय गमवावे लागेल, यावर त्याचे वजन ठरते. ‘व्हाइस व्हर्सा’च्या वाचकांना तिच्या कर्तीची एवढीच विनंती असे की, अंक वाचून झाल्यावर टाकू नये, पुढच्या मैत्रिणीच्या हाती द्यावा.