आवाज नसलेली पेटी

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही शिक्षकांनी अकरावीच्या चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक पेटी बांधली. प्लायवूडची, साधारण पाटीएवढी. वरच्या फळीवर चार ओळींत सोळा बटणे, त्यांच्या वरच्या बाजूला चार नॉब आणि प्रत्येक बटणाशेजारी एक एलईडीचा दिवा. मागून युएसबीची एक वायर निघते, ती संगणकाला जोडायची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ही पेटी मांडली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने ती उचलून कानाशी नेली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "सर, यात स्पीकर कुठे आहे?"

स्पीकर नाहीच. तार नाही, भाता नाही, चामडे नाही. वायर काढली की ती नुसती फळी. वायर जोडली की त्याच बटणांतून तबला वाजतो, व्हायोलिन वाजते, हवे तर पावसाचा आवाज येतो. मग हिला वाद्य म्हणायचे की नाही? मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागले.

तंबोऱ्यात बोट तारेला लागते आणि तारच वाजते. तबल्यातही तसेच. हार्मोनियमवर मात्र बोट पट्टी दाबते, पट्टी भोक उघडते आणि कंप पावते ती आतली रीड. बोट आणि ध्वनी यांच्यात एक पाऊल अंतर पडले. विजेने हे अंतर वाढवत नेले. अमेरिकेतील थॅडियस कहिल यांनी १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये टेलहार्मोनियम नावाचे अजस्र यंत्र उभे केले. त्याचे वजन सुमारे २०० टन. वादक वरच्या मजल्यावर पट्ट्या दाबत, तळघरात डायनामो फिरत आणि संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत ऐकू जाई. धंदा म्हणून ते बुडाले.

त्याच काळात पियानोला भरात होता. कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडलेली असत आणि हवेच्या दाबाने पियानोच्या पट्ट्या आपोआप पडत. पण एका कंपनीची गुंडाळी दुसरीच्या यंत्रावर चालेना. अखेर डिसेंबर १९०८ मध्ये बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले आणि मापे ठरली: ८८ स्वरांच्या गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच आणि एका इंचात नऊ भोके. त्यानंतर कोणाचीही गुंडाळी कोणाच्याही पियानोवर चालू लागली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहो, कारण पंचाहत्तर वर्षांनी ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा घडली.

१९६४ साली रॉबर्ट मूग यांनी सिंथेसायझर बनवला. त्यात पट्टी दाबली की विजेचा एक दाब निर्माण होई आणि त्या दाबावरून स्वराची उंची ठरे. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर. म्हणजे पांढरी एकपासून काळी एकपर्यंत जायला एक व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. ही भाषा आपल्या कानाला एका बाबतीत फार सोयीची होती. दाब हळूहळू वाढवता येतो, म्हणून स्वरही सलग सरकवता येतो. मींड घेणे हा व्होल्टचा स्वभावच आहे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी तर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच नाकारल्या आणि स्पर्श ओळखणारे धातूचे पत्रे बसवले. नवे वाद्य जुन्या वाद्याच्या पट्ट्यांनी का वाजवायचे, असा त्यांचा रोख होता. बाजाराने मूग यांच्या पट्ट्या उचलल्या.

अडचण अशी की व्होल्टची भाषाही प्रत्येकाची वेगळी. बुक्ला यांचे सप्तक १.२ व्होल्टचे. यामाहा आणि कॉर्ग यांच्या काही यंत्रांत दर सप्तकाला दाब दुप्पट होई. शिवाय खोली तापली की सूर हलत. स्वर लक्षात ठेवणे तर या यंत्रांना जमतच नसे.

१९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीने प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता. नॉब कुठे फिरवून ठेवले होते याच्या नोंदी तो आकड्यांत साठवी आणि मागाल तेव्हा परत देई. वाद्याच्या पोटात एकदा आकडे आले की दोन वाद्यांनी आकड्यांतच बोलावे, हे ओघाने आलेच. जून १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी अमेरिकी उत्पादकांपुढे हा विषय काढला. तरुणपणी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरलेला हा माणूस. सुटे भाग एकमेकांना बसले पाहिजेत, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मिथ आणि चेट वुड यांनी एक प्रस्ताव मांडला. अनेक अमेरिकी कंपन्यांनी उत्साह दाखवला नाही. अमेरिकेची एक आणि जपानच्या चार, अशा पाच कंपन्यांनी मिळून काम पुरे केले. जानेवारी १९८३ मध्ये अनाहाइमच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडले गेले. एकावर वाजवले, दुसरे वाजू लागले. ऑगस्टमध्ये नियम छापून आले. या भाषेचे नाव मिडी.

यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तांत्रिक नव्हता. मिडी वापरण्यासाठी कोणालाही परवाना-शुल्क द्यावे लागणार नव्हते. आमची प्लायवूडची पेटी आज अस्तित्वात आहे ती या एका निर्णयामुळे. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी यांना मिळून ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला. काकेहाशी २०१७ मध्ये वारले, स्मिथ २०२२ मध्ये.

मिडीत ध्वनी मुळीच नसतो, असतो तो निरोप. "अमुक पट्टी, इतक्या जोराने दाबली" हा निरोप तीन आकड्यांचा. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६० आणि दर सेकंदाला ४४० कंपनांची पांढरी सहा म्हणजे ६९. जोरही ० ते १२७ मध्येच मोजायचा. वायरीवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. हा विचित्र आकडा म्हणजे दहा लाख भागिले ३२. त्या काळच्या स्वस्त चिपला असा भागाकार सोपा पडे. एका आकड्याला मागचापुढचा धरून दहा बिट लागतात. तेव्हा तीन आकड्यांचा निरोप पोचायला किती वेळ लागेल, हे आठवीच्या वर्गाला काढायला द्यावे. सेकंदाचा साधारण हजारावा भाग येतो.

आता दुसरी बाजू. स्वर म्हणजे एक क्रमांक, तो सुरू होतो आणि थांबतो, असे एकदा मानले की वाद्य म्हणजे पियानो हे गृहीत धरलेच. आपल्याकडे हा वाद मिडीहून जुना आहे. हार्मोनियमवर मींड निघत नाही आणि तिचे ठरावीक सूर रागाला चालत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडावे लागले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता, तरीही ही बंदी आली. आक्षेप अगदी पोकळ नव्हता. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. समान बारा भाग केलेल्या सप्तकातला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट.) कान तयार असेल त्याला हा फरक खुपतो.

मिडीच्या कर्त्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. स्वर वाकवण्याचा एक वेगळा निरोप त्यांनी ठेवला आणि त्याला १२८ नव्हे, तर १६,३८४ पायऱ्या दिल्या. मात्र तो निरोप एका मार्गावरच्या सगळ्या स्वरांना एकदमच वाकवतो. प्रत्येक स्वर वेगळा वाकवण्याची रीत सर्वमान्य व्हायला २०१८ आणि मिडीची दुसरी आवृत्ती यायला २०२० उजाडले.

इथे मुंबईची एक आठवण सांगितली पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे चरणजित सिंह यांनी १९८२ साली रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. यंत्रांत मिडी नव्हते, ती व्होल्टच्या जमान्यातली होती. स्वर सरकवण्याची सोय त्यांत होती आणि ती रागाला लावून पाहणारा माणूस आपल्याच शहरात होता. तबकडी तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा गाजली.

घरी पेटी बांधण्याची वाट खुली झाली ती आणखी दोन पायऱ्यांनी. युएसबी १९९६ साली आली आणि १९९९ मध्ये तिच्यावरून मिडी कशी बोलायची हे ठरले. त्यामुळे पेटीने "मी मिडीचे उपकरण आहे" एवढे सांगितले की संगणक तिला ओळखतो. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली आर्डुइनो हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त बोर्ड तयार झाला. २०१२ च्या लिओनार्डो या प्रकारात ही ओळख स्वतःच सांगू शकणारी चिप होती. आम्ही तोच वापरला.

सोळा बटणांना सोळा वायरी लागत नाहीत. चार आडव्या आणि चार उभ्या अशा आठ पुरतात: चिप एकेका आडव्या ओळीला वीज देते आणि कोणत्या उभ्या वायरीतून ती परत येते ते पाहते. पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. चौकोनाची तीन टोके एकदम दाबली की न दाबलेले चौथेही वाजे. वीज तीन बटणांतून वळसा घालून चौथ्याच्या वाटेने येत होती. प्रत्येक बटणाला एक डायोड लावला, उलटी वाट बंद झाली. दुसरी फजिती म्हणजे एकदा दाबले की तीन ठोके. बटणातला धातू टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि चिप ते सारे मोजते. तेवढा वेळ दुर्लक्ष कर, असे प्रोग्राममध्ये लिहावे लागले.

दिव्यांचा विचार आम्ही उशिरा केला. बटण दाबले की दिवा लागावा, एवढेच आमच्या मनात होते. २००६ साली अमेरिकेत मोनोम नावाच्या चौसष्ट बटणांच्या एका पेटीने हे नाते तोडले होते: बटण संगणकाला सांगते आणि दिवा कधी लावायचा ते संगणक सांगतो. तसे केल्यावर दिवा बोटाचे नव्हे, तर संगणकात खरोखर काय चालले आहे त्याचे चिन्ह होतो.

नॉबची गोष्ट शेवटी. चिप नॉबवरचा दाब ० ते १०२३ मध्ये वाचते. रिवाजाप्रमाणे आम्ही त्याचे १२८ भाग करून पाठवत होतो. गटातली एक मुलगी गाणे शिकते. तिने चौथा नॉब स्वर वाकवण्याला जोडला, आवाका खाली-वर एकेक सप्तक ठेवला आणि तंबोरा लावून सा-पासून गंधाराकडे निघाली. दोन नॉब फिरवून पाहिल्यासारखे करून ती म्हणाली, "सर, ही मींड नाही, जिना आहे." आम्ही हिशेब केला. २४०० सेंट भागिले १२८, म्हणजे एक पायरी जवळजवळ १९ सेंटची. पेटीच्या आणि तंबोऱ्याच्या गंधारातल्या फरकाहून मोठी. मग सगळे १०२४ आकडे पाठवले. पायरी सव्वादोन-अडीच सेंटच्या मधली झाली. शेवटचा अंक थरथरत होता, म्हणून आठ वाचनांची सरासरी घेतली. तिने पुन्हा नॉब फिरवला, गंधारावर थांबली, थोडा खाली आणला आणि तिथे पेन्सिलीने खूण केली. बाकीचे तीन नॉब अजून १२८ वरच आहेत. आवाज लहानमोठा करायला तेवढे पुरतात.