गोव्यातील स्वतंत्र पॉप-रॉक संगीत

अवघ्या 3,702 चौ. किमी. गोव्यात वाढलेली गीतपरंपरा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. तिथल्या जॅझचे वळण क्रिस पेरी यांनी कोकणी गाण्याला दिले. लॉर्ना कॉर्देरो यांचा आवाज त्याची ओळख ठरला.

‘इंडी’ (स्वतंत्र) हा शब्द इकडे रुळण्याआधीच मोठ्या कंपनीविना संगीत काढण्याची ती पद्धत रेमो फर्नांडिस (जन्म 1953) यांनी आचरली. मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या रेमोंनी ‘गोअन क्रेझी’ (1984) ही इंग्रजी गीतांची कॅसेट शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. मोठ्या कंपन्या व ‘जलवा’ (1987) हा हिंदी चित्रपट नंतरचे. खरे धाडस पहिल्या कॅसेटचेच. 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेरी-लॉर्ना यांच्या गाण्यांना ‘नाचूं-या कुंपासार’ (2014) या चित्रपटाने नवा श्रोता दिला.