तीन तास बाकी : रॉटरडॅम, 14 मे 1940

या घटनाक्रमातल्या सगळ्या वेळा डच घड्याळाच्या आहेत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्या दिवशी रॉटरडॅममध्ये दोन घड्याळे चालत होती. जर्मन सैन्याची वेळ डच वेळेच्या एक तास चाळीस मिनिटे पुढे होती. जर्मनांनी बॉम्बहल्ल्यासाठी दुपारी तीनची वेळ ठरवली, तेव्हा शहरातल्या लोकांच्या घड्याळात एक वीस वाजणार होते.

रॉटरडॅमबद्दलचा वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो : ती चूक होती की गुन्हा? शरणागतीची बोलणी चालू असताना बॉम्ब पडले. ते थांबवण्यासाठी उडवलेले लाल फ्लेअर वैमानिकांना दिसले की नाही? हा वाद शेवटच्या काही मिनिटांचा आहे. खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झाला होता, आणि तो नेमका कोणत्या तासाला झाला हे शोधण्यासाठी घड्याळ मागे न्यावे लागते.

10 मे, पहाटे

नेदरलँड्स तटस्थ देश. युद्धाची कोणतीही घोषणा न करता जर्मन सैन्य त्यात घुसते. रॉटरडॅमच्या दक्षिणेला वालहावन विमानतळावर छत्रीधारी सैनिक उतरतात. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीवर, नीव्ह मासवर, सागरी विमाने उतरतात आणि त्यांतले सैनिक रबरी होड्यांतून येऊन विलेम्स पूल ताब्यात घेतात. पण पुढे सरकता येत नाही. कर्नल पीटर स्खारो यांची डच शिबंदी उत्तर काठ सोडत नाही, आणि मूठभर जर्मन पुलाच्या उत्तर टोकाजवळच्या एका विमा कंपनीच्या इमारतीत अडकून पडतात. चार दिवस हीच कोंडी. पुलाच्या उत्तरेला लागूनच जुने शहर आहे : अरुंद गल्ल्या, घरे, दुकाने, वखारी.

13 मे, संध्याकाळ

राणी विल्हेल्मिना इंग्लंडला निघून गेली आहे. जर्मन रणगाडे दक्षिण काठापर्यंत पोहोचले आहेत. अठराव्या जर्मन सैन्याचे सेनापती गेओर्ग फोन क्यूख्लर यांचा हुकूम सुटतो : रॉटरडॅममधला प्रतिकार सर्व मार्गांनी मोडून काढा, गरज पडल्यास शहर नष्ट करण्याची धमकी द्या, आणि ती अमलात आणा.

घाई आहे ती फ्रान्समुळे. हे सैन्य तिकडे हवे आहे. दुसऱ्या दिवशी हिटलरचे अकरावे युद्ध-निदेशपत्र हेच सांगणार आहे : डच प्रतिकार अपेक्षेपेक्षा चिवट निघाला, तो लवकर मोडला पाहिजे.

क्यूख्लर यांच्या हुकुमात तोफेचे ठाणे, पूल किंवा दारूगोळ्याचे कोठार यांतले काहीच नाही. त्यात शहर आहे. स्खारो यांचा हात पिरगळता यावा म्हणून शहर ओलीस धरलेले आहे.

14 मे, सकाळी साडेदहाच्या सुमारास : तीन तास बाकी

पांढरे निशाण घेतलेले जर्मन दूत पूल ओलांडतात. जनरल रुडॉल्फ श्मिट यांचा खलिता स्खारो यांच्या हाती पडतो. प्रतिकार थांबवा, नाहीतर शहराचा संपूर्ण विनाश ओढवू शकतो. मुदत दोन तासांची.

स्खारो खलिता उलटून पाहतात. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव नाही, हुद्दा नाही, सही नाही. ते हेगमध्ये सरसेनापती हेन्री विंकेलमान यांच्याशी बोलतात. ठरते असे की, सही आणि हुद्दा असलेले पत्र आल्याशिवाय विचार होणार नाही, असे कळवायचे.

हा वेळकाढूपणा होता का? थोडाफार असावाच, प्रत्येक तास डचांना हवा होता. पण सहा लाखांच्या शहराचे भवितव्य निनावी कागदावर सोपवायला नकार देणे हे सेनाधिकाऱ्याचे कामच आहे.

युद्धाविषयीच्या 1907च्या हेग नियमांतले सव्विसावे कलम म्हणते की, हल्ल्यापूर्वी तिथल्या अधिकाऱ्यांना सावध करण्यासाठी सेनापतीने शक्य ते सगळे करावे. कागदोपत्री ही अट पुरी झाली. पण इशारा पोहोचला तो अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत. दोन तासांत एवढे शहर रिकामे होणे शक्यच नव्हते. ज्या इशाऱ्यानंतर कोणाला वाचता येत नाही, तो नागरिकांसाठी दिलेला इशारा नसतो. त्याचा रोख फक्त समोरच्या सेनापतीवर असतो.

पावणेबाराच्या सुमारास : पावणेदोन तास बाकी

वायव्य जर्मनीतल्या तळांवरून चोपन्नाव्या बॉम्बर दलाची सुमारे 90 हाइंकेल 111 विमाने उडतात. खलित्याची मुदत अजून संपलेली नाही. स्खारो यांचे उत्तर अजून पुलापर्यंतही आलेले नाही.

जमिनीवरच्या जर्मन सेनापतींना हवा होता पुलाच्या तोंडाशी मर्यादित हल्ला, सूर मारून नेमके ठिकाण टिपणाऱ्या स्टुका विमानांचा. त्यांच्या वाट्याला येतात सरळ रेषेत उडत खालचा पट्टाच्या पट्टा झोडपणारी बॉम्बर विमाने. वैमानिकांच्या नकाशावर पुलाच्या उत्तरेकडचा एक त्रिकोण आखलेला आहे. त्या त्रिकोणात डच सैनिक आहेत, हे खरे. त्याच त्रिकोणात जुन्या शहराचे काळीज आहे, हेही खरे.

जर्मन बाजूने नंतर सांगितले गेले की रॉटरडॅम हे लढणारे शहर होते, आणि हेग नियमांचे पंचविसावे कलम संरक्षण देते ते असंरक्षित गावांना. हा युक्तिवाद फोल नाही. 1923मध्ये हवाई युद्धासाठी तयार झालेले नियम कोणत्याच देशाने अधिकृतपणे स्वीकारले नव्हते, त्यामुळे तोफांच्या काळातला कायदाच विमानांना लावावा लागत होता. पण तोफखान्याच्या कायद्यातही लढणाऱ्या शहरातला सैनिक आणि त्याच गल्लीतला बेकरीवाला एक होत नाहीत. सैनिक कुठे आहे हे माहीत असूनही अख्खा त्रिकोण निवडणे, हा निर्णय होता.

सव्वाबारा : सव्वा तास बाकी

कॅप्टन बाकर स्खारो यांचे उत्तर घेऊन पूल ओलांडतात. श्मिट यांनी दरम्यान हवाई दलाला संदेश धाडलेला आहे : बोलणी चालू असल्याने हल्ला पुढे ढकलावा. संदेश वरच्या मुख्यालयापर्यंत जातो. विमानांपर्यंत जात नाही. नंतरच्या जर्मन वृत्तांतांनुसार, लक्ष्य जवळ आल्यावर वैमानिकांनी लांब लोंबणाऱ्या अँटेना आत ओढून घेतल्या होत्या, आणि त्यांना गाठायला लढाऊ विमान घेऊन निघालेला अधिकारी वेळेवर पोहोचला नाही.

उरतो एकच उपाय, आधीच ठरलेला : पुलाजवळून लाल फ्लेअर उडाले तर बॉम्ब टाकायचे नाहीत. हल्ला सुरू करायला टेलिफोन, वायरलेस, विमानतळ आणि नकाशे असतात. तो थांबवायला लाल उजेडाचे ठिपके. त्यातून नदीकाठी हॉलंड-अमेरिका लाइनचे स्टाटेंडाम हे जहाज तीन दिवस जळते आहे आणि त्याचा धूर शहरावर पसरला आहे.

एक वीस : सात मिनिटे बाकी

श्मिट यांनी दुसरा खलिता स्वतःच्या हाताने लिहिला आहे. यावर नाव आहे, हुद्दा आहे, सही आहे. नवी मुदत चार वाजून वीस मिनिटांची. म्हणजे कागदावर शहराकडे तीन तास आहेत. बाकर तो घेऊन परत निघतात, आणि विमानांची घरघर ऐकू येते.

दक्षिण काठ आणि नदीतले बेट यांवरून जर्मन अधिकारी फ्लेअर उडवायला धावतात. त्यांच्यात लेफ्टनंट कर्नल डीट्रिश फोन खोल्टिट्झ आहे, जो चार वर्षांनी जर्मन सेनापती म्हणून पॅरिस शरण देणार आहे.

एक सत्तावीस

विमाने दोन तुकड्यांत येतात. दक्षिणेकडून येणाऱ्या तुकडीचा प्रमुख ओटो ह्यूने याला पहिली तीन विमाने बॉम्ब टाकत असतानाच फ्लेअर दिसतात आणि तो उरलेल्यांना वळवतो. पूर्वेकडून आलेली कर्नल लाकनर याची मोठी तुकडी, 54 विमाने, सगळे बॉम्ब टाकून जाते. सुमारे 97 टन, जवळपास 1,300 बॉम्ब. एक चाळीसच्या आसपास सगळे संपते.

बॉम्बपेक्षा मोठे काम आग करते. जुनी घरे, वखारी आणि वारा यांनी ती पुढचे दोन दिवस जगवली. सुमारे अडीच चौरस किलोमीटर शहर नाहीसे झाले. जवळपास 25 हजार घरे, 24 चर्च, 62 शाळा गेल्या. सुमारे 80 हजार लोक बेघर झाले. मृतांचा आकडा साधारण 850 ते 900 धरला जातो. त्या काळी मात्र जगभर 30 हजार हा आकडा फिरला आणि बरीच वर्षे टिकला. शहराच्या मध्यातून गेलेली आगीची सीमा आज रस्त्यांवर दिव्यांनी आखलेली आहे.

दुपारी चारच्या आधी

स्खारो स्वतः पूल ओलांडतात आणि शहर शरण देतात. नव्या मुदतीत अजून अर्धा तास शिल्लक असतो.

लगेच पुढची धमकी येते : आता उट्रेख्ट. विंकेलमान यांच्याकडे हवाई संरक्षण उरलेले नाही. झेलंड प्रांत वगळता सैन्याला शस्त्रे खाली ठेवायला सांगितले जाते. संध्याकाळी रेडिओवर घोषणा होते. दुसऱ्या दिवशी रेइसोर्ड या गावात सह्या होतात.

इथे घड्याळ थांबवून विचार केला पाहिजे. समजा, लाकनर याच्या 54 वैमानिकांनाही फ्लेअर दिसले असते. विमाने परत गेली असती, 850 माणसे त्या रात्री घरी जेवली असती, आणि इतिहासात रॉटरडॅमचे नाव एका यशस्वी वाटाघाटीसाठी आले असते. पण क्यूख्लर यांचा हुकूम तोच राहिला असता, आणि ‘शहर दाखवा, सैन्य झुकते’ हा धडाही तोच. उट्रेख्टवर एकही बॉम्ब पडला नाही. नुसत्या नावाने काम झाले. फ्लेअरवरच्या वादात हा भाग हरवतो. चूक फक्त वेळेची झाली, युक्तीची नाही.

15 मे, लंडन

ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळ ऱ्हाइनच्या पूर्वेकडे जर्मनीवर हवाई हल्ल्यांना परवानगी देते आणि त्याच रात्री शंभराच्या आसपास विमाने रूर या औद्योगिक भागाकडे जातात. फ्रान्समधली लढाई हे त्याचे मोठे कारण होते. पण तोवरच्या संकोचाला रॉटरडॅमने शेवटचा धक्का दिला. ते हल्ले तेलाच्या आणि रेल्वेच्या ठिकाणांवर व्हायचे होते. तीन वर्षांनी, जुलै 1943मध्ये हॅम्बुर्गच्या आगीत सुमारे 37 हजार माणसे मेली, तेव्हा वस्ती हेच लक्ष्य झाले होते.

31 मार्च 1943, पुन्हा रॉटरडॅम

या वेळी विमाने अमेरिकन, म्हणजे मित्राची, आणि लक्ष्य बंदर. ढग आणि जोरदार वारा यांमुळे बॉम्ब पश्चिमेकडच्या बोस्पोल्डर-टुसेनडायकन या कामगारवस्तीवर पडतात. चारशेच्या आसपास माणसे मरतात. शहर याला ‘विसरलेला बॉम्बहल्ला’ म्हणते.

1940 आणि 1943 सारखे नाहीत. एकात शहर पणाला लावलेले होते, दुसऱ्यात ते चुकून सापडले; नीतीच्या तराजूत हा फरक जड आहे. पण ‘आम्हाला ते अभिप्रेत नव्हते’ हे वाक्य दोन्ही वेळा उपलब्ध होते. म्हणून ते वाक्य पुरेसे नाही. ढगातून दाट वस्तीशेजारी बॉम्ब सोडणाऱ्याला हेतू स्वच्छ असला तरी हिशेब द्यावा लागतो.

हिशेबाची वेळ

युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मन हवाई दलाचे सेनाधिकारी ग्योरिंग आणि केसेलरिंग यांना रॉटरडॅमबद्दल विचारले गेले. उत्तरे पुन्हा वेळा, संदेश आणि फ्लेअर यांभोवती फिरली. शहरांवरच्या बॉम्बवर्षावासाठी म्हणून तिथे कोणालाही शिक्षा झाली नाही. खटला चालवणाऱ्यांच्याही शहरांच्या यादीत हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन आणि टोकिओ होती.

कायद्याला उत्तर द्यायला 1977 उजाडावे लागले. जिनिव्हा करारांचा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल शहरात विखुरलेल्या लष्करी ठिकाणांना एकच लक्ष्य समजून झोडपण्यास मनाई करतो. हल्ला बेकायदा ठरतो आहे असे दिसताच तो रद्द करण्याची जबाबदारीही तो हल्लेखोरावरच टाकतो. भारत आणि अमेरिका आजही त्याचे सदस्य नाहीत.

त्यातल्या एक्कावन्नाव्या कलमात एक शब्द असा आहे, ज्याने रॉटरडॅमचे घड्याळच बदलते. नागरिकांत दहशत पसरवणे हा मुख्य हेतू असलेली हिंसाच नव्हे, तर तशा हिंसेची धमकीही तिथे निषिद्ध आहे. मुख्य हेतू कोणता, यावर वकील आजही भांडतील. क्यूख्लर यांचा वकील म्हणेल, हेतू फक्त पूल होता. पण या मोजपट्टीने पाहिले तर चौकशी एक सत्तावीसला सुरू होत नाही. ती आदल्या संध्याकाळच्या हुकुमापासून सुरू होते, साडेदहाच्या निनावी कागदावर थांबते, आणि लाल फ्लेअर कोणाला दिसले हा प्रश्न शिक्षेची तीव्रता ठरवण्यापुरता उरतो.