फोटो कुणाचा?

परभणीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या बैठकीत जाऊन बसावे, तर भिंतीवरून फेटा बांधलेले, खुर्चीत ताठ बसलेले आजोबा आपल्याकडे पाहत असतात. फोटो कुणाचा, असे विचारले की घरची मंडळी सांगतात, 'आजोबांचा'. उत्तर चुकीचे नाही. आमच्या मराठीत फोटो ज्याचा निघाला त्याचा असतो. फार तर ज्याने पैसे मोजले त्याचा. ज्याने तो काढला, त्याच्या वाट्याला षष्ठी विभक्ती येतच नाही. ही विभक्ती कायद्यात कशी फिरत गेली, ते आज थोडे पाहू.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होती. मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादेत, लाला दीनदयाळ यांची नामांकित पेढी होती. दीनदयाळ १८४४ साली सरधना येथे जन्मले, रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदुरास नोकरी केली आणि पुढे सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार झाले. काचेच्या निगेटिव्हवरच क्रमांक आणि आपले नाव घालण्याची त्यांची रीत होती. कागद कुणाच्याही हाती जावो, नाव त्याबरोबर जाई. कायद्याचे संरक्षण मागण्याआधी माणसाने स्वतःच केलेली ही तजवीज होय!

१८९२ साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो काढायचे म्हणजे प्रश्न केवळ कलेचा नव्हता. ज्या चेहऱ्याकडे परक्या पुरुषाने पाहायचे नाही, त्याची काच परक्याच्या कपाटात राहणार होती. म्हणून तेथे सारे काम स्त्रियांनीच करावे अशी व्यवस्था केली आणि श्रीमती केनी-लेव्हिक या बाईंकडे कारभार सोपवला. परंतु गंमत पाहा. ज्या पेढीने आपले नाव इतक्या दक्षतेने काचेवर कोरले, तिच्या छत्राखाली काम करणाऱ्या या बाईंचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? पेढीचे नाव मोठे, पण कॅमेऱ्यामागचा हात अंधारातच!

त्या काळच्या कायद्याचीही दृष्टी अशीच होती. इंग्लंडचा १९११ चा कॉपीराइट कायदा पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातही लागू झाला. निगेटिव्ह तयार होताना तिचा मालक जो असेल तोच छायाचित्राचा कर्ता, असे त्यात सरळ म्हटले होते. काच ज्याची, कृती त्याची! मुदतही निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे.

मग १९५७ चा भारतीय कायदा आला. तो २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला, तेव्हा परभणी जिल्ह्याला मुंबई राज्यात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. या कायद्याने छायाचित्र घेणाऱ्या व्यक्तीला कर्ता म्हटले. मालाच्या मालकाकडून मान माणसाकडे आला. आमच्या मते या विषयाच्या इतिहासातली हीच खरी घटना. मुदतीच्या वाढीची हकीकत त्यापुढे किरकोळ आहे: प्रकाशनापासून ५० वर्षे, १९९२ पासून ६०, आणि २०१२ पासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

तरी आजोबांच्या घरची बाजूही कायद्याने टाकून दिलेली नाही. पैसे देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. मात्र मालकी गेली तरी 'हे मी काढले' असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेख हवा, त्यावर सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. 'पाठविलेल्या छायाचित्रांचे सर्व हक्क आमचे' अशी ओळ स्मरणिकेच्या आवाहनात छापली, म्हणजे हक्क आपोआप चालत आले असे होत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो खरे, पण एका स्मरणिकेच्या खटपटीत आम्हीही असेच आवाहन काढले होते. अटी अगदी काटेकोर होत्या: फोटो स्पष्ट हवा, मागे पाठविणाऱ्याचे नाव-पत्ता हवा, चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे हवीत. गावाने विश्वासाने भिंतीवरच्या फ्रेमा काढून आणून दिल्या. उभे कोण, बसलेले कोण, सारी नावे आम्ही छापली. काढणाऱ्याचे नाव मागण्याचे एकालाही सुचले नव्हते.

पुढे फ्रेमा परत करताना एकीचा पुठ्ठा निसटला. मागे जांभळ्या शाईचा रबरी शिक्का होता. '...फोटो स्टुडिओ, परभणी' एवढे वाचता आले. पुढची ओळ नावाची होती. तिच्यावर खळीचा डाग पडला होता.