अरणगावचे शब्द, अमेरिकेचं गाणं

‘डोन्ट वरी, बी हॅपी’ म्हटलं की बहुतेकांना अमेरिकन गाणं आठवतं. मला आठवतं ते नगरजवळचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळचं, अरणगाव. तिथल्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे, आणि हे शब्द त्यांचे.

बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादेत मौन धरलं. १९३२मध्ये ते हॉलिवूडला गेले. बोलपट येऊन तिथं जेमतेम पाच वर्षं झालेली, आणि पाहुणा न बोलणारा! मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या घरी त्यांचा संदेश वाचून दाखवला गेला. तुमच्या हाती मोठी शक्ती आहे, तशी जबाबदारीही आहे, असं त्यांनी चित्रपटवाल्यांना सांगितलं. १३ जुलैला ‘हॉलिवूड बोल’मध्ये मौन सोडायचं ठरलं होतं, तो बेत त्यांनीच रद्द केला. मौन १९६९पर्यंत, देह ठेवेपर्यंत, टिकलं.

शब्द मात्र तिकडे पोचले. बॉबी मॅकफेरिन या गायकानं बाबांच्या पोस्टरवर ते पाहिले. १९८८मध्ये त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी जॉर्ज बुश यांच्या प्रचारात ते वापरलं गेलं, तेव्हा गायकानंच हरकत घेतली.

बाबांचं सांगणं मोठं होतं. आधी आपल्याकडून होईल तेवढं करा, मग काळजी सोडा आणि माझ्या प्रेमात आनंदी राहा. गाण्याला तेवढं पेलवत नाही. मधले चार शब्द उचलले गेले, कष्टाची अट मागे राहिली.

अमेरिकन करमणूक आपल्या घरात शिरली, अशी तक्रार आपण करतो. कधी कधी त्यात आपलीच वस्तू अर्धी होऊन परत आलेली असते. ती मागे राहिलेली अट निदान नगरच्या मुलांना तरी सांगायला हवी, असं मला वाटतं.