उपाहारगृहातील उमेदवारी : निपाणी परिसरातील तरुण आणि कायदा

हॉटेल व्यवसायातील उमेदवारी म्हणजे आचाऱ्याच्या हाताखाली, ठरावीक मुदतीत, विद्यावेतन घेऊन पाककला शिकणे. यासाठी देशात 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा लागू आहे.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे पुणे-बेंगळूरु महामार्गावरील शहर तंबाखू आणि विडीच्या व्यवसायावर वाढले. विडी कामगारांच्या घरांतील, शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांना धाबा किंवा खानावळ हे हाताशी असलेले काम. तेथे भांडी घासण्यापासून भट्टीपर्यंतची वाटचाल होते, परंतु शिकल्याचा दाखला मिळत नाही. त्यामुळे गोव्यातील मोठ्या हॉटेलात अशा अनुभवी तरुणालाही मदतनीस म्हणून नव्याने सुरुवात करावी लागू शकते.

कायद्यानुसार उमेदवाराचे वय किमान 14 असावे लागते. मालकाशी लेखी करार होतो. उमेदवार अल्पवयीन असल्यास पालकाची सही आवश्यक असते. 2019 च्या नियमदुरुस्तीनुसार 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक, तर 4 ते 29 कर्मचारी असलेल्यांना ऐच्छिक आहे. त्याच दुरुस्तीत पाचवी ते नववी उत्तीर्णांना दरमहा किमान 5 हजार, तर दहावी उत्तीर्णांना 6 हजार रुपये विद्यावेतन ठरले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र त्यातील 25 टक्के, कमाल 1,500 रुपये भार उचलते.

अडचण येथेच आहे. महामार्गावरील लहान धाबे ऐच्छिक गटात किंवा त्याही बाहेर राहतात. म्हणजे गरजू तरुण जेथे प्रत्यक्ष शिकतो, तेथे कायद्याची सक्ती पोहोचत नाही.

दुसरा मार्ग केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘हुनर से रोजगार तक’ या 2009-10 मध्ये सुरू झालेल्या योजनेचा. आठवी उत्तीर्ण तरुणांसाठीच्या या विनामूल्य योजनेत आरंभी पाककलेचा 8 आठवड्यांचा व वाढपाचा 6 आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. हॉटेल व्यवस्थापन संस्थांमधून हे प्रशिक्षण दिले गेले. गोव्यात अशी संस्था पर्वरी येथे आहे.

14 वर्षांखालील मुलांना हॉटेल व धाब्यांत कामास ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. असा ‘पोऱ्या’ उमेदवार ठरत नाही. त्याला ठेवणे हा गुन्हा आहे.

कामास लागण्यापूर्वी कराराची नोंदणी, मुदत, विद्यावेतनाची रक्कम आणि अखेरचे प्रमाणपत्र या चार गोष्टींची खातरजमा उमेदवाराने व पालकांनी करून घ्यावी.