श्रीलंकेतील संघराज्याचा प्रश्न : एका नाकारलेल्या पर्यायाचा इतिहास

एखाद्या देशाने संघराज्य पद्धती स्वीकारावी की एकात्म, या प्रश्नाची चर्चा राज्यशास्त्राच्या ग्रंथांत बहुधा देशाचा विस्तार, लोकसंख्या आणि भाषिक वैविध्य या निकषांवर केली जाते. श्रीलंकेच्या विसाव्या शतकातील इतिहासाकडे पाहता मात्र निराळेच चित्र दिसते. तेथे मागणी काय आहे यापेक्षा ती कोण करीत आहे, यावरच तिचा निकाल लागत गेला.

किनारपट्टीचा प्रदेश इंग्रजांनी १७९६ मध्ये डचांकडून घेतला आणि १८१५ मध्ये कँडीचे राज्य ताब्यात आणले. तरीही १८३३ पर्यंत कँडीचा कारभार वेगळा चालत असे. कोलब्रुक आयोगाच्या शिफारशींनुसार त्या वर्षी सारे बेट एका प्रशासनाखाली येऊन त्याचे पाच प्रांत पाडण्यात आले. पुढे जिला अनादि परंपरेचे वलय देण्यात आले, त्या एकात्म राज्ययंत्रणेचे आधुनिक रूप हे असे वसाहतकालीन सोयीतून घडलेले होते.

या यंत्रणेस पहिला आक्षेप तमिळांनी घेतला नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. ऑक्सफर्डहून परतलेले तरुण सिंहली नेते एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी १९२६ मध्ये वृत्तपत्रीय लेखमालेतून आणि जाफना येथील व्याख्यानातून संघराज्याचा पुरस्कार केला. स्वित्झर्लंडचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. पुढच्याच वर्षी कँडी भागातील सिंहलींच्या संघटनेने डोनोमोर आयोगापुढे तीन घटकांच्या संघराज्याची मागणी मांडली. किनारपट्टीवरील सिंहली आपणांस गिळून टाकतील, अशी त्यांना धास्ती होती. इंग्रजी शिक्षणाच्या बळावर कोलंबोतील नोकऱ्यांत स्थान मिळविलेल्या जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांनी मात्र ही कल्पना उचलून धरली नाही. त्यांचे लक्ष मध्यवर्ती सत्तेतील वाट्याकडे होते. जी. जी. पोन्नंबलम यांची ‘पन्नास-पन्नास’ प्रतिनिधित्वाची मागणी याच वृत्तीची द्योतक होय.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील लक्षावधी भारतीय वंशाचे तमिळ नागरिकत्वाला मुकले. या प्रश्नावर पोन्नंबलम यांच्यापासून फारकत घेऊन एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी डिसेंबर १९४९ मध्ये संघराज्यवादी पक्ष स्थापन केला. त्याचे तमिळ नाव ‘इलंगै तमिळ अरसु कच्ची’. ‘अरसु’ म्हणजे राज्य. विरोधकांनी त्याचा अर्थ वेगळे राष्ट्र असा लावला आणि तो संशय कायमचा चिकटला. प्रारंभी तमिळ मतदारांनाही हा पक्ष फारसा रुचला नव्हता. १९५२ च्या निवडणुकीत त्यास अवघ्या दोन जागा मिळाल्या आणि खुद्द चेल्वनायकम पराभूत झाले. १९५६ मध्ये मात्र याच पक्षाने दहा जागा जिंकल्या. मधल्या चार वर्षांत केवळ सिंहली हीच राजभाषा करण्याची घोषणा राजकारणाच्या केंद्रस्थानी आली होती, आणि ती घोषणा देऊन सत्तेवर आलेले नेते दुसरे तिसरे कोणी नसून तेच बंदरनायके होते!

त्याच १९५६ साली भारताने राज्य पुनर्रचनेचा कायदा केला. भारतातही हे सहजासहजी घडले नाही; द्वैभाषिक मुंबई राज्यापासून १ मे १९६० पर्यंतचा रक्तरंजित प्रवास मराठी वाचकास सांगावयास नको. परंतु येथे भाषिक मागणीला राज्यघटनेच्या चौकटीतच वाट सापडली. श्रीलंकेत ती सापडण्याची संधी जुलै १९५७ च्या बंदरनायके-चेल्वनायकम कराराने आली होती. त्यात संघराज्य नव्हतेच; प्रादेशिक परिषदा आणि उत्तर-पूर्व भागांत कारभारासाठी तमिळचा वापर एवढेच होते. विरोधी पक्षाने कँडीपर्यंत मोर्चा काढण्याचा प्रयत्न केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले आणि करार रद्द झाला. पुढच्याच महिन्यात दंगली उसळल्या. १९६५ च्या सेनानायके-चेल्वनायकम कराराची गतही याहून वेगळी झाली नाही.

सोलबरी राज्यघटनेत ‘एकात्म’ हा शब्द नव्हता. १९७२ च्या प्रजासत्ताक घटनेने तो प्रथमच लिखित स्वरूपात आणला. संविधान सभेत संघराज्याचा प्रस्ताव फेटाळला गेल्यावर चेल्वनायकम यांचा पक्ष तेथून बाहेर पडला आणि १९७६ च्या वड्डुकोट्टै ठरावात वेगळ्या राष्ट्राची मागणी पुढे आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. संघराज्य दिल्यास फुटीरता वाढेल, असे सांगितले जात होते; प्रत्यक्षात संघराज्य नाकारल्यानंतर फुटीरतेची मागणी जन्मास आली.

विरोधकांचे सर्वच आक्षेप पोकळ होते, असे मात्र म्हणता येणार नाही. देश लहान आहे हा युक्तिवाद स्वित्झर्लंडपुढे टिकत नाही. तो देश श्रीलंकेहूनही लहान आहे. सामुद्रधुनीपलीकडील द्रविड चळवळीचे भय मात्र १९६० च्या आसपास खरे होते. त्याहून अवघड प्रश्न पूर्वेकडील मुस्लिमांचा. उत्तर व पूर्व प्रांतांचे मिळून तमिळ राज्य झाले, तर त्यांत त्यांचे स्थान काय? ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातून मुस्लिमांना हुसकावून लावले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य साऱ्यांनाच कळले. शिवाय ज्या मळेकामगारांसाठी संघराज्यवादी पक्ष जन्मला, ते बहुसंख्येने मध्य डोंगराळ भागात राहणारे. उत्तर-पूर्वेतील स्वायत्ततेने त्यांचे भागणार नव्हते.

भारत-श्रीलंका करारानंतर १९८७ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वैध ठरविली, तीही एकात्म राज्यास बाधा येत नाही या आधारावर. राष्ट्राध्यक्षनियुक्त राज्यपालाच्या हाती कार्यकारी अधिकार राहिले. पोलीस व जमीन हे विषय कागदावर प्रांतांकडे गेले, व्यवहारात गेले नाहीत. डिसेंबर २००२ मध्ये ऑस्लो येथे सरकार आणि लिट्टे यांनी संघराज्याचा पर्याय चाचपून पाहण्याचे मान्य केले. पुढील एप्रिलमध्ये लिट्टेने बोलणी थांबविली.

युद्ध २००९ मध्ये संपले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेल्वनायकम यांच्याच पक्षाविरुद्धच्या खटल्यात, विद्यमान राज्यांतर्गत संघराज्याची मागणी करणे म्हणजे फुटीरता नव्हे, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या घटनाविषयक अंतरिम अहवालात इंग्रजीतील ‘युनिटरी’ हा शब्द गाळून सिंहलीत ‘एकीय राज्य’ आणि तमिळमध्ये ‘ओरुमित्त नाडु’, म्हणजे एकत्र आलेला देश, अशी शब्दयोजना सुचविण्यात आली. दोन्ही भाषिक गटांना आपापला अर्थ वाचता यावा, हा त्यामागील हेतू. सिंहली पक्षांनी त्यात छुपे संघराज्य पाहिले, अनेक तमिळांनी जुनेच एकात्म राज्य. आणि २०१८ च्या अखेरच्या राजकीय पेचप्रसंगानंतर तो मसुदा बाजूला पडला.